रिकोटा पुसदला का होऊ नये?

पुसदजवळच्या वरुडला दुग्ध तंत्रज्ञान महाविद्यालय आहे, हे यवतमाळ जिल्ह्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. जिल्ह्यातही अनेकांना नसतं. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं हे महाविद्यालय. याच विषयाचं विद्यापीठाचं दुसरं महाविद्यालय मराठवाड्यात, उदगीरला. दूध, लोणी, चीज यांचं शास्त्र पदवीपर्यंत शिकण्याची सोय मंचर-बारामतीच्या दूधपट्ट्यात न होता कापसाच्या मुलखात झाली, हा योग चांगलाच म्हणायचा. पण जिल्ह्याच्या बाजारात जाऊन बघावं, तर दुधाच्या पदार्थांची यादी खवा, पनीर, दही आणि पेढा इथंच आटोपते. शिक्षण पुसदला आणि चीज पुण्याहून, असा हा व्यवहार आहे.

या यादीत एका इटालियन नावाची भर घालायला हरकत नाही. ते नाव रिकोटा.

इटालियन चीज म्हटलं की मॉलमधल्या थंड कपाटातली इवलीशी महागडी डबी डोळ्यांपुढे येते. त्यामुळे यवतमाळ, दारव्हा, उमरखेडच्या माणसानं या वाटेला कशाला जावं, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात रिकोटा हा तिकडच्या धनगरांच्या काटकसरीतून आलेला पदार्थ आहे. मेंढीच्या दुधाचं चीज करून झालं की कढईत हिरवट-पिवळं पाणी उरतं. ते फेकून न देता पुन्हा चुलीवर चढवायचं आणि त्यातून वर येईल ते झाऱ्यानं काढून घ्यायचं, एवढीच त्याची मूळ कृती.

यामागचं शास्त्र सोपं आहे. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसीन असतं. दुधात रेनेट हे गोठवणारं विकर घातलं की ते गोठतं आणि त्याचं चीज होतं. उरलेली २० टक्के प्रथिनं रेनेटला दाद देत नाहीत, ती पाण्यातच राहतात. या पाण्याला डेअरीत व्हे म्हणतात. ते ८०-९० अंशांपर्यंत तापवून त्यात थोडा आंबटपणा घातला, की लपून बसलेली ही प्रथिनं एकत्र येऊन मऊ, पांढऱ्या कणांच्या रूपात वर तरंगतात. अलगद उचलून टोपलीत निथळत ठेवली की रिकोटा तयार. शंभर लिटर पाण्यातून जेमतेम पाच किलो निघतो. पाण्यात थोडं दूध मिसळलं तर जास्त. दुधातली साखर बऱ्याच अंशी पाण्यातच उतरलेली असते, म्हणून रिकोटाला मीठ-साखर न घालताही मंद गोडवा असतो. आपला चक्का दह्याचा, म्हणून आंबट. रिकोटाची चव त्याच्या उलट दिशेची.

या साध्या पदार्थाची इटलीनं किती कदर केली, तेही बघण्यासारखं आहे. रोम परिसरातल्या मेंढीच्या दुधाच्या रिकोटाला २००५ मध्ये युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं, नेपल्सकडच्या म्हशीच्या दुधाच्या रिकोटाला २०१० मध्ये. यातली म्हैस विदर्भाच्या विशेष कामाची. लांब, तलवारीसारख्या शिंगांची नागपुरी म्हैस ही आपल्या भागाची नोंदणीकृत जात आहे आणि यवतमाळ तिच्या मुलखात मोडतं. म्हशीच्या दाट दुधाचा रिकोटा गाईच्या दुधाच्या रिकोटापेक्षा मऊ आणि साईसारखा उतरतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण तिच्यावरून बरेच जण फसतात. पनीर करून उरलेल्या पाण्याचा रिकोटा होईल, असं वाटणं साहजिक आहे. तो होत नाही, झाला तरी चमचाभर. पनीरसाठी आपण दूध आधीच उकळतो. त्या तापमानाला पाण्यातली प्रथिनंही केसीनला चिकटतात आणि लिंबू पिळल्यावर त्याच्यासोबत पनीरमध्येच उतरतात. मागे उरलेल्या पाण्यात साखर आणि क्षार असतात, प्रथिनं फारशी नसतात. म्हणजे अस्सल रिकोटा हवा तर आधी रेनेटचं चीज व्हायला हवं. ते नसेल तर दुसरा मार्ग आहे, आणि घरोघरी इटालियन वंशाच्या अमेरिकी बायकाही तोच वापरतात: अख्ख्या दुधाचा रिकोटा.

हा दुसरा रिकोटा पनीरचा सख्खा भाऊ आहे. एक लिटर मलईदार दूध, चिमूटभर मीठ, जाड बुडाचं पातेलं. कडेला बुडबुडे येऊ लागले आणि वाफ धरली की उकळी फुटण्याआधी आच बंद करायची. दोन मोठे चमचे लिंबाचा रस किंवा पांढरं व्हिनेगर घालून दोन-तीनदाच हळू ढवळायचं. मग दहा-पंधरा मिनिटं पातेल्याला हात लावायचा नाही. मलमलच्या कपड्यात ओतून पंधरा-वीस मिनिटं निथळू द्यायचं. पनीर इथून पुढे पाट्याखाली जातं. रिकोटावर वजन ठेवायचं नाही, कपडा पिळायचा नाही, दुधाला खळखळून उकळी आणायची नाही. या तीन मनायांत सगळी मऊ चव आहे. लिटरभर दुधात पाव किलोच्या आसपास पदार्थ मिळतो. लिंबू जास्त झालं तर तो आंबट आणि रबरासारखा होतो, म्हणून रस एकदम न ओतता थोडाथोडा घालावा.

महाराष्ट्राला असा ओला, न दाबलेला पदार्थ अगदीच परका नाही. मुंबईच्या पारशी घरांतलं टोपली पनीर छोट्या टोपल्यांत लावलेलं, रेनेटनं गोठवलेलं आणि स्वतःच्याच खारवलेल्या पाण्यात पोहणारं असतं. लग्नाच्या पानातला तो मानाचा पदार्थ. तो पारशी समाजाच्या आणि मुंबई-सुरतेच्या बाहेर फारसा गेला नाही, इतकंच.

आता खरा प्रश्न: यवतमाळच्या स्वयंपाकघरात याचं करायचं काय?

सुरुवात सरगुंड्यांपासून करावी. कणकेची बारीक वळी काडीभोवती गुंडाळून, अलगद सोडवून वाळवायची आणि उन्हाळ्यात शिजवून आमरसाबरोबर वाढायची, ही वऱ्हाडातल्या बायकांची जुनी कला. इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रियात, बायका लोखंडी सळईभोवती कणीक गुंडाळून असाच पास्ता करतात आणि त्यावर टोमॅटोच्या रश्शासोबत रिकोटा घालतात. दोन्हीकडच्या बायकांची एकमेकींशी गाठ कधी पडली नसेल, पण हाताची लकब एकच. शिजवलेले सरगुंडे, वर लसणाच्या फोडणीतला टोमॅटो, दोन चमचे रिकोटा आणि मिरपूड: यात एकही जिन्नस बाहेरून आणावा लागत नाही, आणि आंब्याचा हंगाम संपल्यावर डब्यात पडून राहणाऱ्या सरगुंड्यांना काम मिळतं.

दुसरं वांगं. सिसिलीतल्या कातानिया शहरात तळलेलं वांगं, टोमॅटो आणि पास्ता यांचा एक पदार्थ आहे. त्याच गावात जन्मलेल्या बेलिनी या संगीतकाराच्या ‘नॉर्मा’ या ऑपेराचं नाव त्याला दिलं आहे. त्यावर मीठ लावून, दाबून, वाळवलेला रिकोटा किसून घालतात. आपल्याकडे हिवाळ्यात शेताशेतांत भरताचे बेत होतात. भाजलेलं वांगं, कांद्याची पात, दाणे, हिरवी मिरची आणि वर खारा रिकोटा कुस्करून, हा मेळ भाकरीबरोबर उत्तम जमतो. भरताचा धुरकट तिखटपणा आणि या पदार्थाचा सौम्यपणा एकमेकांना सांभाळून घेतात.

पालक आणि रिकोटाचं सारण भरलेली रॅव्हिओली इटलीत घरोघरी होते. तेच सारण मुगाच्या धिरड्यात भरता येतं, मेथीच्या पराठ्यात घालता येतं. नागपुरी सांभारवडीच्या कोथिंबिरीच्या सारणात थोडा नीट निथळलेला रिकोटा मिसळला तर वडी आतून कोरडी राहत नाही. उष्णतेनं आणि आंबटपणानं गोठलेली ही प्रथिनं तापवल्यावर मोझरेलासारखी वितळत नाहीत. त्यामुळे कोफ्ता असो की लझान्या, रिकोटा जिथल्या तिथे राहतो. पिझ्झावरच्या तारांची अपेक्षा त्याच्याकडून करू नये.

गोडाकडे वळलं तर सिसिलीचे लोक तळलेल्या पोकळ नळ्यांत गोड रिकोटा भरतात, टोकांना संत्र्याच्या पाकवलेल्या साली लावतात आणि त्याला कानोली म्हणतात. हॉटेलातलं तीन रंगांचं कसाटा आईस्क्रीम आपल्याला ठाऊक आहे. मूळचा कसाटा हा सिसिलीचा रिकोटा भरलेला केक. हे वाचून करंजीत रिकोटा भरायचा मोह होईल, तो टाळावा. ओल्या सारणानं करंजी तेलात फुटते. त्यापेक्षा चिरोटे तळून घ्यावेत आणि वाढताना त्यांवर पिठीसाखर, वेलदोडा घातलेला रिकोटा घालावा. शेजारच्या अमरावती-नागपूरच्या संत्र्यांची साल पाकात मुरवून वर ठेवली तर सिसिलीचा माणूसही तक्रार करणार नाही. झरी जामणी आणि केळापूरच्या रानातून येणारी मोहफुलं सुकली की मनुकांसारखी लागतात. ती भिजवून, बारीक चिरून रिकोटात घातली तर जो पदार्थ होईल तो मात्र इटलीत मिळायचा नाही.

इथवर आवडीनिवडीचा भाग झाला. पुढचा भाग पैशाचा आहे.

यवतमाळला दुधाची आठवण सरकारला बहुतेक संकटाच्या काळात येते. कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांनी देश हादरला, तेव्हा १ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी यवतमाळसह विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. त्या काळात शेतकऱ्यांना दुभत्या संकरित गायी देण्याचा मार्ग निवडला गेला. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हाच लिहून ठेवलं की जिथे पाणी, चारा आणि पैसा तिन्ही कमी, तिथे घरात आलेली महागडी गाय शेतकऱ्याला पोसवेना. पुढे २०१६ पासून राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या मदतीनं विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्प आला. ११ जिल्ह्यांत गावोगावी दूध गोळा करण्याची साखळी उभी राहू लागली. २०२४ मध्ये त्याचा दुसरा टप्पा दोन्ही विभागांच्या १९ जिल्ह्यांसाठी मंजूर झाला, १४९ कोटी रुपयांहून अधिक खर्चाचा. आधीच्या वाटपापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा आहे, कारण गाईबरोबर दुधाला गिऱ्हाईकही येतं.

तरीही एक दुवा सुटतोच. गोळा केलेलं दूध टँकरमधून जिल्ह्याबाहेर जातं आणि पिशवीतून, डब्यातून, चिजच्या वड्यांतून परत येतं. मधला नफा ज्यानं दुधाचा पदार्थ केला त्याचा. कापसाचं हेच झालं: सरकी इथली, रुई इथली, कापड बाहेरचं. एका बाबतीत मात्र कापसानं दुधाला हात दिला आहे. सरकीची ढेप जनावरांना लागते आणि ती जिल्ह्यातल्या जिनिंगमधूनच निघते. पण ढेपेचा भाव चढला की दुधाचा हिशेब तोट्यात जातो, आणि कच्चं दूध विकणाऱ्याला हा फरक भरून काढायला दुसरं काही हाताशी नसतं. हा फरक पदार्थ करणाऱ्याला पेलता येतो.

पश्चिम महाराष्ट्रानं हे कधीच ओळखलं. मंचरच्या पराग मिल्क फूड्सनं चीज केलं आणि त्यातून उरणाऱ्या व्हेपासून अवतार या नावानं प्रथिनांची भुकटी बाजारात आणली. शहरांतली तरुण मुलं व्यायामशाळेतून आल्यावर दुधात ढवळून पितात ती हीच चिजच्या कढईतली उरलीसुरली प्रथिनं. मुंबईच्या मौसम नारंग यांच्या इलेफ्थेरिया या छोट्या चीजघरानं व्हे आटवून नॉर्वेच्या पद्धतीचं तपकिरी ब्रूनोस्ट केलं आणि २०२१ च्या जागतिक चीज स्पर्धेत त्याला रौप्यपदक मिळालं. पहिला कारखाना कोट्यवधींचा, दुसरा मोजक्या माणसांचा. दोघांनीही पैसा काढला तो इतरांच्या गटारात जाणाऱ्या पाण्यातून. व्हे गटारात गेलं तर ते नुसतं वाया जात नाही, पाणी नासवतं: सांडपाण्याच्या मोजपट्टीवर त्याचा भार घरगुती सांडपाण्याच्या कितीतरी पट असतो.

यवतमाळला भुकटीचा कारखाना परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. रिकोटाला भुकटी सुकवणारी मनोऱ्यासारखी यंत्रं लागत नाहीत. स्टीलचं दुहेरी भिंतीचं भांडं, थर्मामीटर, मलमल, जाळीच्या टोपल्या आणि शीतकपाट, एवढ्यावर दिवसाला शंभर-दोनशे लिटरचं काम चालतं. सूक्ष्मजीवांपासून केलेलं शाकाहारी रेनेट देशात सहज मिळतं. सकाळी साधं चीज लावावं, दुपारी त्याच्या पाण्याचा रिकोटा काढावा, उरलेलं पाणी जनावरांना पाजावं किंवा कणीक मळायला द्यावं. एकाच दुधातून दोन माल निघतात. ज्यांना एवढंही नको त्यांनी अख्ख्या दुधाचा रिकोटा करावा; त्याला रेनेटही लागत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो गिऱ्हाइकाचा: इथे कोण खाणार? दोन पिढ्यांपूर्वी विदर्भाच्या लग्नपंगतीत पनीरलाही कुणी ओळखत नव्हतं. आज पनीरची भाजी नसेल तर वरपक्ष पानावर बसून चौकशी करतो. तालुक्याच्या गावांतही पिझ्झा-पास्त्याच्या गाड्या लागतात. शिवाय पनीरवरचा विश्वासच सध्या डळमळला आहे. वनस्पती तेलातून केलेलं नकली पनीर खरं म्हणून विकलं जातं, हा विषय मार्च २०२५ मध्ये आमदार विक्रम पाचपुते यांनी विधानसभेत मांडला होता. आपल्या तालुक्यातल्या दुधाचा, आजच केलेला, करणारा कोण हे माहीत असलेला पदार्थ अशा वेळी भाव खाऊन जातो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, तो उन्हाचा. रिकोटात पाणी भरपूर आणि मीठ कमी, त्यामुळे तो फ्रिजमध्येही तीन-चार दिवसांपलीकडे टिकवू नये. यवतमाळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांकडे जातो आणि विजेचा भरवसा गावोगाव वेगळा. ही अडचण खरी आहे, पण तिची दुसरी बाजूही आहे. जो पदार्थ तीन दिवसांत संपवावा लागतो तो दूरच्या कंपनीला पुसदपर्यंत स्वस्तात पोचवता येत नाही. पिशवीबंद दुधात, भुकटीत, चिजच्या वड्यांत मोठ्या डेअऱ्यांशी टक्कर देणं छोट्या उत्पादकाला अवघड. ताज्या मालात अंतरच त्याच्या बाजूनं उभं राहतं. उन्हाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांत धंदा आवरता घ्यावा आणि दूध खव्याकडे वळवावं, जसं मिठाईवाले आजही हंगाम बघून करतात.

तिसरा आक्षेप कुणी उघड घेणार नाही, पण तोच वाट अडवतो: हे काम शिकवणार कोण? उत्तर वरुडलाच आहे. तिथे चिजची प्रात्यक्षिकं हा अभ्यासक्रमाचा भाग आहे. पदवीच्या वर्गाबाहेर, पंधरवड्याचा एक अभ्यासक्रम मराठीतून, बचत गटांतल्या बायकांसाठी आणि दूध संकलन केंद्रांच्या चालकांसाठी चालवणं महाविद्यालयाला अशक्य नाही. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतून पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळतं. ते मसाला-पापडापलीकडे दुधाकडेही वळावं यासाठी जिल्हा प्रशासनानं आग्रह धरायला हवा. दुग्धविकास प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात पुसद, दारव्हा आणि वणी अशा तीन ठिकाणी प्रत्येकी एका संकलन केंद्राला जोडून छोटं चीजघर निघालं, तर दूध टँकरमध्ये चढण्याआधी त्यातलं थोडं इथे थांबेल.

काम हिवाळ्यात सुरू करावं. नोव्हेंबरपासून दूध वाढतं, थंडीमुळे माल टिकतो, वांगी आणि पालेभाज्या स्वस्त होतात आणि लगीनसराई दारात असते. पहिल्या हंगामात माल जिल्ह्याबाहेर नेण्याच्या भानगडीत पडू नये. यवतमाळचे आणि पुसदचे केटरर, खानावळी, बेकऱ्या यांना पाव-पाव किलोचे नमुने द्यावेत, सोबत सरगुंड्यांची आणि भरताची कृती मराठीत छापून द्यावी, आणि फेब्रुवारीअखेर हिशेब मांडावा: लिटरमागे कच्च्या दुधाला किती मिळाले आणि रिकोटा-चीज मिळून किती. तो हिशेब जाहीर करण्याची जबाबदारी वरुडच्या महाविद्यालयानं घ्यावी, म्हणजे पुढच्या वर्षी कर्ज मागायला जाणाऱ्या बचत गटाला बँकेपुढे ठेवायला कागद असेल.